घरचा हिशेब : संगणकाच्या वहीला खंड किती भरायचा?



बी-बियाणे, खते, मजुरी, डिझेल यांचे भाव वाढले की पारावर चर्चा होते. कोणाला किती लागले, कोणाला कुठे स्वस्त मिळाले, हे आपण एकमेकांना सांगतो. पण गेल्या काही वर्षांत घरखर्चाच्या यादीत एक नवे कलम हळूच येऊन बसले आहे आणि त्याबद्दल पारावर कोणी बोलत नाही. ते कलम म्हणजे संगणकावर पत्र लिहायचे आणि हिशेब मांडायचे जे सॉफ्टवेअर असते, त्याची वार्षिक वर्गणी.

"शेतकऱ्याच्या घरी त्याचे काय काम?" असे कोणी म्हणेल. काम आहे, मंडळी. मुलगी कॉलेजात जाते, तिला प्रकल्प टाइप करून द्यावा लागतो. बचत गटाच्या सचिव ताईंना कर्जाच्या हप्त्यांची यादी हवी असते. दूध संस्थेला नोटिसा, ठराव, सभासदांच्या याद्या काढाव्या लागतात. शेतकरी उत्पादक कंपनीला बँकेकडे जायचे तर प्रकल्प अहवाल लागतो. विकास सोसायटीचेही तेच. देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. कर्जाचे दप्तर त्या योजनेतल्या सॉफ्टवेअरवर चालते खरे, पण वार्षिक सभेची नोटीस आणि बँकेला द्यायचे पत्र शेवटी कुठेतरी टाइप करावेच लागते.

हे टाइपिंग बहुतेक ठिकाणी 'वर्ड'मध्ये होते आणि आकडेमोड 'एक्सेल'मध्ये. दोन्ही वस्तू मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'ऑफिस' या संचातल्या. वर्ड म्हणजे कोरा कागद. एक्सेल म्हणजे रकाने आखलेली वही, जी बेरीज-वजाबाकी आपली आपण करते. एवढे लक्षात ठेवले तरी आजचा विषय समजायला पुरे.

मालकीचे शेत आणि खंडाचे शेत

पूर्वी हा संच एकदाच पैसे भरून विकत मिळे. घेतला की तो तुमचा. संगणक मोडेपर्यंत वापरा, कोणी विचारायला येत नसे. २०११ मध्ये कंपनीने 'ऑफिस ३६५' या नावाने दुसरी पद्धत सुरू केली. दर महिन्याला किंवा दर वर्षाला पैसे भरायचे, तोवर वापरायचे. २०२० मध्ये त्याचेच नाव 'मायक्रोसॉफ्ट ३६५' झाले. म्हणजे पहिली पद्धत मालकीच्या शेताची, दुसरी खंडाच्या शेताची. खंडाने जमीन कसण्यात वाईट काही नाही, आपल्यातले कितीतरी जण तशीच शेती करतात. पण खंडाच्या जमिनीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. खंड किती वाढवायचा हे मालक ठरवतो, आणि खंड थकला की नांगर बाहेर काढावा लागतो.

इथेही तसेच झाले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने घरगुती ग्राहकांच्या वर्गणीत 'कोपायलट' नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस घातला आणि दर वाढवले. आपल्या देशात एका माणसाची वार्षिक वर्गणी ४,८९९ रुपये होती, ती ६,८९९ झाली. कुटुंबाची वर्गणी ६,१९९ होती, ती ८,१९९ झाली. दोन्हीकडे वाढ दोन हजारांची. मदतनीस तुम्ही मागितला होता की नाही, हा प्रश्न वेगळा.

आता हा आकडा आपल्या मापात मोजू. दूध लिटरला ३५ रुपये धरले, तर ६,८९९ रुपये म्हणजे जवळजवळ दोनशे लिटर दूध. तेही एकदाच नव्हे, दर वर्षी. याच दराने पाच वर्षांचे ३४,४९५ रुपये होतात, आणि पाच वर्षांनी हातात मालकीचे काही उरत नाही. वर्गणी भरायची थांबली की आपल्याच फायली उघडून वाचता येतात, छापता येतात, पण त्यांत नवा आकडा लिहिता येत नाही. हिशेबाची वही कपाटात दिसते, कुलूपही नाही, पण पेन चालत नाही, अशी अवस्था. ऐन वार्षिक सभेच्या आधी ती आली तर सचिवाची काय धांदल होईल, याचा विचार करा.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. कुटुंबाच्या वर्गणीत सहा जणांना वापर करता येतो. घरात खरोखर सहा जण रोज वापरणारे असतील, तर माणशी साधारण १,३६७ रुपये वर्षाला पडतात, ते फार नाहीत. पण एका घरात सहा जण वर्ड-एक्सेलवर बसले आहेत असे चित्र आपल्याकडे विरळाच. शिवाय ही घरगुती वर्गणी घरगुती कामापुरतीच असते. दूध संस्था, सोसायटी, उत्पादक कंपनी यांना व्यवसायाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्याचेही दर १ जुलै २०२६ पासून वाढवण्याचे कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

ऑस्ट्रेलियातला एक धडा

हीच दरवाढ ऑस्ट्रेलियातही झाली. तिथे ग्राहकांचे हित पाहणारा सरकारी आयोग ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. आयोगाचे म्हणणे असे की, सुमारे २७ लाख ग्राहकांना कंपनीने सांगितले, 'वाढीव पैसे भरा, नाहीतर वर्गणी बंद करा.' पण तिसरा मार्ग होता, तो सांगितला नाही. मदतनीस नसलेली 'क्लासिक' वर्गणी जुन्या दरात चालू ठेवता येत होती, आणि ती वर्गणी बंद करायला निघालेल्या ग्राहकालाच पडद्यावर दिसत होती. नंतर नोव्हेंबरमध्ये कंपनीने तिथल्या ग्राहकांची माफी मागितली आणि क्लासिककडे वळणाऱ्यांना फरकाची रक्कम परत देऊ केली.

यातून घ्यायचे ते एवढेच. बाजारात व्यापारी पहिला भाव सांगतो तो शेवटचा नसतो, हे आपल्याला मोंढ्यात ठाऊक असते. संगणकाच्या पडद्यावरचा भावही तसाच वाचावा. वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय बँक खात्याला जोडली असेल, तर तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्याआधी एकदा विचार करावा.

फुकटची प्रत फुकट पडत नाही

खर्च टाळण्याचा एक मार्ग तालुक्याच्या गावी सर्रास दिसतो. नवा संगणक घेतला की विक्रेता म्हणतो, "ऑफिस टाकून देतो, वेगळे पैसे नको." ही बहुधा चोरीची प्रत असते. तिचे कुलूप फोडण्यासाठी जो छोटा कार्यक्रम चालवावा लागतो, त्यासाठी आधी संगणकाचा विषाणूरोधक बंद करायला सांगतात. म्हणजे राखणीचा कुत्रा बांधून ठेवायचा आणि मग अनोळखी माणसाला वाड्यात घ्यायचे! अशा मार्गाने आलेला विषाणू सगळ्या फायलींना टाळे ठोकतो आणि उघडायचे पैसे मागतो. दोनशे सभासदांचे दूध-खाते त्यात अडकले तर ते पैसे कोण भरणार?

कायदाही कडक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापारधंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकते, पण दंड ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आणि जुनी, रीतसर विकत घेतलेली प्रत असली तर? 'ऑफिस २०१६' आणि 'ऑफिस २०१९' यांची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. 'ऑफिस २०२१'ची १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ठरवली. त्या तारखेनंतर संच चालायचा थांबत नाही, पण भोके बुजवणारा कोणी राहत नाही. कुंपण पडले तरी लगेच गुरे आत येतात असे नाही, पण कधी येतील ते सांगता येत नाही. असा संगणक इंटरनेटला जोडलेला असेल तर बाहेरून आलेल्या फायली जपून उघडाव्यात आणि पर्यायाचा विचार सुरू करावा.

बिनखर्चाचा आणि कायदेशीर पर्याय

आता मुद्द्याची गोष्ट. पत्र लिहायला, हिशेब मांडायला आणि सादरीकरण करायला लागणारा पुरा संच एक पैसाही न देता, कायद्याने वापरता येतो. त्याचे नाव 'लिबरऑफिस'. वर्डच्या जागी त्यात 'राइटर' आहे, एक्सेलच्या जागी 'कॅल्क', सादरीकरणाला 'इम्प्रेस'. घरी वापरा, दुकानात वापरा, संस्थेत वापरा, एका संगणकावर टाका की दहा, परवानगी लागत नाही. इंटरनेट नसतानाही चालतो. मेनू मराठीतही करता येतो.

"फुकट कसे देतात?" हा शेतकऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न, आणि तो योग्यच आहे. या संचाचे मूळ जर्मनीतल्या 'स्टारऑफिस'मध्ये आहे. सन या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये तो विकत घेतला आणि २००० मध्ये त्याची रचना सर्वांसाठी खुली केली. पुढे सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी वेगळी चूल मांडली. 'डॉक्युमेंट फाउंडेशन' ही नफा न कमावणारी संस्था काढली आणि संचाला लिबरऑफिस हे नाव दिले. तिचा खर्च देणग्यांवर चालतो. सार्वजनिक विहिरीसारखे समजा. खणणारे अनेक, पाणी सर्वांना.

हे किरकोळ माणसांचे खेळणे आहे असे वाटू नये म्हणून एक उदाहरण. आपल्या गोठ्यातली एच.एफ. गाय, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन. त्यातले 'होल्स्टीन' हे नाव ज्या मुलखावरून आले, तो उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टीन राज्यात आहे. त्या राज्याच्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. डिसेंबर २०२५ मध्ये त्या सरकारने सांगितले की, परवान्यांवरचे दीड कोटी युरोहून अधिक पैसे वाचले. बदल करायला खर्च आला, ई-मेल बदलताना कर्मचाऱ्यांनी कुरकुरही बरीच केली, हेही खरे. त्याच देशात म्युनिक शहराने २००३ पासून असा बदल हाती घेतला होता आणि २०१७ मध्ये पुन्हा जुन्या वाटेवर जायचे ठरवले. तेव्हा बदल म्हणजे जादूची कांडी, असे मी सांगणार नाही. पण आपल्याच देशात केरळने शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे चालवून दाखवले आहे. तिथली मुले त्यावरच शिकली आणि अडली नाहीत.

आणखी दोन-तीन वाटा

इंटरनेट बरे असेल तर गूगलचे 'डॉक्स' आणि 'शीट्स' गूगल खाते असलेल्या कोणालाही मोफत वापरता येतात. मोबाइलवरही चालतात. बचत गटाच्या पाच जणींना एकच यादी एका वेळी पाहायची आणि भरायची असेल तर ही सोय उत्तम. खात्याला १५ जी.बी. जागा मोफत मिळते, पण फोटो आणि ई-मेलही त्याच जागेत बसतात, हे विसरू नये.

चेन्नईच्या 'झोहो' कंपनीचे 'राइटर', 'शीट' आणि 'शो' व्यक्तिगत वापराला मोफत आहेत. या कंपनीने तमिळनाडूत तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात कार्यालय थाटून तिथल्या मुलांना काम दिले, म्हणून तिचे नाव आपल्यासारख्यांनी ऐकून ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस संच वापरायला सांगितले.

आणि एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टचे वर्ड आणि एक्सेल इंटरनेटवर, ब्राउझरमध्ये, घरगुती वापराला मोफत मिळतात. त्यात सगळ्या सोयी नाहीत आणि साठवायला जागा पाच जी.बी.च आहे, पण मुलीचा प्रकल्प त्यात सहज होतो. कॉलेजने तिला स्वतःचा ई-मेल दिला असेल तर आधी कॉलेजातच विचारावे. बऱ्याच शिक्षणसंस्थांकडे विद्यार्थ्यांसाठी हा संच मोफत वापरण्याची सोय असते. घरातून पैसे भरण्याआधी एवढी चौकशी जरूर करावी.

पैसे कुठे भरावेत?

सगळीकडे फुकटचा हट्ट धरू नये. जीएसटीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायच्या काही एक्सेल फायली 'मॅक्रो' नावाच्या आतल्या यंत्रणेवर चालतात, त्या लिबरऑफिसमध्ये नीट चालत नाहीत. उत्पादक कंपनीचे असे काम असेल तर एका संगणकावर रीतसर परवाना घ्यावा, किंवा ते काम कर सल्लागाराकडे सोपवावे. बाकीच्या संगणकांना मोफत संच पुरतो. नांगरटीला ट्रॅक्टर लागतो म्हणून कोणी कोळपणीलाही ट्रॅक्टर घालत नाही.

बदल कसा करावा?

हे काम घाईने, ऐन मार्चअखेर करू नये. हंगाम सरल्यावर सवडीने करावे.

पहिले, सर्व फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवावी. शक्य तर दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी.

दुसरे, लिबरऑफिस त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. भलत्या ठिकाणाहून, जाहिरातीवर बोट ठेवून घेऊ नये. ते पैसे मागत नाही. देणगी विचारते, पण ती ऐच्छिक आहे. विंडोज ७ किंवा ८ असलेल्या जुन्या संगणकावर त्याची नवी आवृत्ती चालत नाही, हे आधी पाहावे.

तिसरे, जुने ऑफिस लगेच काढू नये. दोन महिने दोन्ही ठेवावीत आणि एक-दोन फायलींपासून सुरुवात करावी. बेरजा दोन्हीकडे जुळतात का ते पाहावे. नवा बैलही आपण पहिल्याच दिवशी मोठ्या शेतात घालत नाही.

चौथे, बाहेर फाइल पाठवताना ती वर्डच्या किंवा एक्सेलच्या नमुन्यात जतन करून पाठवावी, म्हणजे समोरच्याला अडचण येत नाही. नोटीस किंवा पत्र असेल तर पीडीएफ करून पाठवावे. लिबरऑफिसमध्ये ती सोय आतच आहे.

पाचवे, मराठी अक्षरांचे. पुष्कळ संस्थांची जुनी पत्रे अशा फॉन्टमध्ये आहेत की, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसतात. हा दोष संचाचा नव्हे, त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा आहे. यापुढे सगळे टाइपिंग युनिकोडमध्येच करावे, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर ते वाचता येते. युनिकोडचे चांगले मराठी फॉन्ट मोफत मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे त्यांतलेच. टाइप करायचे कळफलक विंडोजमध्ये असतातच.

ही पाच कामे गावातला दहावी-बारावीचा कोणताही चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी दोन दिवसांत करून देईल. त्याला चहा-पोहे द्या, आणि वाचलेल्या पैशातून शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवा. त्याच्या शिक्षणाला उपयोगी पडतील.

शेवटी एवढेच सांगणे की, लिहिण्याचे साधन कोणतेही घ्या, विकतचे, वर्गणीचे किंवा मोफतचे. पण वही आपली आहे. कोणाचे किती दूध गेले, कोणत्या बहिणीचा कितवा हप्ता फिटला, सोसायटीत कोणाचे किती भाग आहेत, हे गावाचे धन आहे. ते अशा जागी ठेवू नका की खंड थकला म्हणून त्यात लिहायची बंदी व्हावी. येत्या मासिक सभेत हा विषय एकदा मांडा. आपल्या संस्थेत किती संगणक आहेत, त्यांवर कोणता संच आहे, तो रीतसर आहे का, वर्षाला किती पैसे जातात, या चार प्रश्नांची उत्तरे सचिवांना विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच. तोवर राम राम!